दुसऱ्या खातेदाराले सांगा

आयुष्यात एक दिवस नोकरी न केलेला माणूस दर महिन्याच्या आठ तारखेला 'ड्युटीवर' जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतो. माझं झेरॉक्सचं दुकान पांढरकवड्यात पोस्टाच्या अगदी समोर आहे आणि तुळशीरामभाऊंचं घर माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून. म्हणजे घरी असो की दुकानात, या माणसापासून मला सुटका नाही. एरवी हा गृहस्थ दुपारचे बारा वाजले तरी अंगातली बंडी बदलत नाही. पण आठ तारीख उजाडली की सकाळीच दाढी, चंदनाचा साबण, कडक इस्त्रीचा पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी आणि कानात अत्तराचा फाया. नवरदेवसुद्धा इतका सजत नाही हो!

"कुठं निघाले भाऊ?" हे आपण विचारायचं असतं. नाही विचारलं तर ते दारासमोरच खाकरत उभे राहतात.

"आज आपला पगार हाय ना राजा!"

हा पगार म्हणजे पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचं व्याज. नागपूर-हैदराबाद रस्ता रुंद झाला तेव्हा त्यांच्या वावराचा रस्त्याकडचा तुकडा सरकारनं घेतला आणि त्याचा मोबदला दिला. तो पोस्टात टाकला. पाच वर्षं मुद्दल तिथं पडून राहतं आणि महिन्याच्या महिन्याला व्याज मिळतं. अशी खाती तालुक्यात कितीतरी लोकांची आहेत. पण त्या व्याजाला पगार म्हणणारा आणि रविवारी "आज आपल्या ऑफिसले सुट्टी हाय" म्हणून खाटेवर लोळत पडणारा प्राणी हा एकच.

भाऊंनी जगाचे दोन भाग पाडले आहेत. ज्याला सरकारची ग्यारंटी आहे ते एक, आणि बाकी सगळं प्रायव्हेट. डॉक्टरनं शुगरची गोळी लिहून दिली तर यांचा पहिला प्रश्न, "या गोयीले ग्यारंटी कोनाची? सरकारची का तुमची?" डॉक्टर म्हणाला, "काका, घेऊन तर बघा." भाऊ म्हणाले, "घेऊन पाहाची चीज म्हंजे प्रायव्हेट," आणि उठून आले. गल्लीतल्या एका मुलीसाठी स्थळ बघायला चार मोठी माणसं न्यायची म्हणून यांनाही नेलं. मुलगा चांगला, कंपनीत नोकरीला, घरचं सगळं ठीक. परत येताना मुलीच्या बापानं विचारलं, "भाऊ, कसा वाटला पोरगा?" भाऊ म्हणाले, "बरा हाय. पन आपल्या पोस्टासारखा नाही." त्या बापानं लग्नाची पत्रिका सगळ्या गल्लीला वाटली, यांना सोडून.

मी दुकानात नवीन मशीन घेतलं, नारळ फोडला, पेढा दिला. पेढा तोंडात टाकून भाऊ म्हणतात, "हेच पैशे पोस्टात टाकले असते त घरी बसून खाल्ले असते."

"अहो, मग झेरॉक्स कोण काढेल?"

"ज्याले पायजे तो काढन. तुले कायची फिकर?"

अशा माणसाशी काय बोलणार, सांगा! पेढा मात्र दुसराही उचलला.

चिक्कूपणाला त्यांनी धर्माचं रूप दिलं आहे. "मुद्दलाले हात नाही" हा त्यांचा मंत्र. आमच्या घरून दर उन्हाळ्यात त्यांना कैरीच्या लोणच्याची बरणी जाते. बायको गेल्यापासून भाऊ एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. त्यामुळं माझ्या बायकोला त्यांची दया येते. मला येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बरणी परत येते तेव्हा वरचा खार गायब आणि फोडी जशाच्या तशा. बायकोनं विचारलं, "भाऊ, लोणचं आवडलं नाही का?"

"आवडलं ना बाई! पन खार म्हंजे व्याज अन् फोड म्हंजे मुद्दल. मुद्दल खाल्लं त पुढं काय खाचं?"

बायको पदरात तोंड लपवून हसली. मी म्हटलं, तुम्ही खरंच थोर आहात.

एकदा गळ्यात टाय बांधलेला एक एजंट आला होता, पैसे लवकर दुप्पट करून देणारा. भाऊंनी त्याला माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसवलं, माझ्या खात्यावर चहा पाजला आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सब बात बरोबर हाय. पन तू मेला त?" एजंट गडबडला. म्हणाला, "काका, मी मेलो तरी कंपनी आहे ना." "अन् कंपनी मेली त?" एजंटाला घाम फुटला. "आमचं सरकार मरत नाही राजा. बदलते, पन मरत नाही," असं म्हणून भाऊंनी त्याला बसस्टँडचा रस्ता दाखवला. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्यांचं थोडं कौतुक वाटलं. चहाचे पैसे मी दिले, हे सोडून.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. हा पगार एकट्या तुळशीरामभाऊंचा नाही. त्यात वाटेकरी आहे. त्यांचा धाकटा भाऊ नामदेव.

वावर बापाच्या वेळचं. सातबारा दोघांच्या नावानं एकच, वाटणी तोंडी. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक आंब्याचं झाड होतं. त्याचे आंबे इतके आंबट की माकडंसुद्धा एक चावा घेऊन फेकून देत. इतकी वर्षं त्या झाडाकडं दोघांतल्या कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण रस्त्याची मोजणी आली, झाडाचा मोबदला वेगळा मिळतो असं कळलं, आणि ते झाड एकदम दोघांनाही जिवापाड लाडकं झालं. तुळशीरामभाऊ म्हणत, "आंबा माह्या हिश्श्यात हाय." नामदेव म्हणे, "सावली इतके वर्स माह्या पऱ्हाटीच्या पिकावर पडली, त्या नुकसानीचं काय?" या सावलीवरून भर गावात भांडण झालं, आयाबहिणी निघाल्या, आणि भाऊ आपला हिस्सा ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या पैशावर दुसऱ्याला कसायला, देऊन पांढरकवड्यात राहायला आले. आज तिथं झाड नाही, धुरा नाही, वावर नाही. वरून हैदराबादचे ट्रक धावतात. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगीच?

मोबदला दोघांच्या नावानं आला. वाटून घ्या म्हणून नातेवाइकांनी समजावलं, पण झाडाचा हिशेब काही केल्या लागेना. शेवटी पोस्टात गेले. तिथं सांगितलं, दोघांच्या खात्याचे दोन प्रकार असतात. एकात कोणीही एक जण सही करून पैसे काढू शकतो. दुसऱ्यात दोघांची सही असल्याशिवाय एक रुपया निघत नाही. हे ऐकताच दोघं भाऊ एका दमात ओरडले, "हेच द्या!" कित्येक वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

पासबुकात तुळशीरामभाऊंचं नाव आधी आणि नामदेवचं नंतर. त्या दिवसापासून भाऊंनी धाकट्याचं नाव घेणं सोडलं. तो झाला 'दुसरा खातेदार'.

नामदेवही काही कमी नाही. स्वतः सही करून कागद मोठ्याच्या हाती द्यायला त्याचा भरवसा नाही, आणि मोठ्याला याचा नाही. म्हणून दर आठ तारखेला तो गावाहून मोटारसायकलवर येतो आणि दोघं काउंटरसमोर, मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून, उभे राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत. जे बोलायचं ते काउंटरवरच्या मॅडमला सांगतात. मी फॉर्म भरून द्यायला म्हणून पलीकडं जातो आणि हा फुकटचा तमाशा बघतो.

"मॅडम, दुसऱ्या खातेदाराले सांगा, खोकला हाय त दवाखान्यात जात जाय. उद्या मेला त माह्या पैशाले वारसाची भानगड लागन."

"मॅडम, पहिल्या खातेदारायले सांगा, माह्या खोकल्याची फिकर करू नका. सोताची शुगर तपासा."

"मॅडम, इचारा त्याले, तूर कशी हाय औंदा? मले काही घेनं-देनं नाही. पन पिकलं नाही त हा इथं येऊन जास्त मांगन."

"तूर बरी हाय म्हना. अन् मॅडम, तुमाले म्हनून सांगतो, माह्या नातीले दात आले. दोन. खालचे."

"मॅडम, आमच्या घरी खालचेच आंधी येतात," तुळशीरामभाऊ छताकडं बघून म्हणत.

त्या बिचाऱ्या मॅडम अमरावतीच्या. एकदा त्या वैतागून मला म्हणाल्या, "दादा, मला वाटलं होतं पोस्टात पत्रं पोचवायची असतात. हे काय पोचवून राहिले मी?" मी म्हटलं, "मॅडम, दोघंही चिक्कट आहेत. पैशावर नजर ठेवायला येतात." माझं तेव्हा असंच पक्कं मत होतं. माझी मतं नेहमी पक्कीच असतात.

बघता बघता खात्याची पाच वर्षं भरत आली. मुदत संपली की मुद्दल परत मिळणार. नामदेवच्या मुलाला ट्रॅक्टर घ्यायचा होता, त्यानं गावभर सांगून ठेवलं की बापाचा हिस्सा आला की ट्रॅक्टर दारात. मी तर खूश! म्हटलं, चला, मॅडम सुटल्या, मी सुटलो. पण भाऊंचं काहीतरी बिनसलं होतं. शेवटून दुसऱ्या पगाराला ते दाढी न करता गेले. दुकानाच्या बाकावर बसून पहिल्यांदा सरकारला नावं ठेवायला लागले.

"पाचच वर्स काहून, मी म्हंतो? सरकारची ग्यारंटी इतकीच हाय काय?"

"भाऊ, नियम आहे तसा."

"अर्ज केला त वाढवून नाही देत काय? तू लिवून दे ना अर्ज. तुही इंग्रजी बरी हाय."

"अर्जाची गरज नाही. तेच पैसे पुन्हा टाकता येतात, नवीन खातं काढून. पण दोघांची तयारी पाहिजे."

"त्याची नाही. पोट्ट्याले ट्रॅक्टर पायजे त्याच्या."

"मग तर बरंच झालं! तुमचा हिस्सा तुम्ही एकट्याच्या नावानं टाका. व्याज आपोआप तुमच्या बचत खात्यात जमा होईल, मोबाइलवर मेसेज येईल. पोस्टात जायचं काम नाही, अन् त्याचं तोंड पाहायचंही काम नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून उडी मारतील. लग्नाच्या पंगतीत एकट्याचंच पान वेगळं मांडलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला.

"एकट्याचं?" ते म्हणाले. मी एका गिऱ्हाइकाला आधार कार्डाची झेरॉक्स काढून दिली, पैसे घेतले, तरी भाऊ बाकावरच.

"मंग मले समजन कसं?"

"काय समजायचं आहे?"

"त्याचा खोकला बसला का नाही. नात चालाले लागली का नाही. वावराचं काय."

"अहो, मग जा ना गावी! मोटारसायकलवर अर्ध्या तासाचा रस्ता आहे. फोन करा."

"कोन बोलावलं मले? अन् फोनवर बोलाचं काय? बोलाले गेलो का आंबा निघते." त्यांनी टोपी काढली, उलटी करून आत बघितलं, पुन्हा घातली. "तो माह्यासंग नाही बोलत राजा. तो मॅडमसंग बोलते. मी बाजूले उभा असतो, त माह्या कानावर पडते."

जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. पाच वर्षं ज्याला मी व्याजखाऊ बुढा म्हणत होतो, तो महिन्यातून एकदा अत्तर लावून भावाचा आवाज ऐकायला जात होता. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी त्यांना चहा मी स्वतःहून पाजला.

मुदतीचा दिवस आला. भाऊंनी मला दुकान बंद करायला लावलं. "झेरॉक्स कमी पडली त? तू पायजे संग." झेरॉक्स मी चार चार काढून दिल्या होत्या, पण गेलो. नामदेव आधीच येऊन उभा होता. मुलगा ट्रॅक्टरच्या दुकानात गेला होता, तिथून त्याचे फोनवर फोन येत होते. नामदेवनं खातं बंद करायच्या फॉर्मवर सही केली आणि फॉर्म, नेहमीसारखा, मॅडमकडं सरकवला. मॅडमनं तो भाऊंकडं सरकवला.

भाऊंनी सही केली. मॅडमनं कॉम्प्युटरमधली जुनी सही बघितली, ही बघितली आणि मान हलवली.

"काका, जुळत नाही."

"माहीच हाय ना मॅडम. तुमच्यासमोर केली."

"समोर केली, पण जुळत नाही. पुन्हा करा."

दुसरा फॉर्म. भाऊंनी सही केली, ती पहिलीपेक्षा वेगळी. तिसरा फॉर्म. ती तर कोंबडी चालून गेल्यासारखी. मागं लाइन लागली, कोणीतरी "चला ना काका" म्हणून ओरडलं. मला राग आला. सकाळीच या माणसानं गल्लीच्या गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर माझ्यासमोर ठणठणीत सही केली होती, अन् वर्गणी कमी करून घेतली होती. मी म्हणणारच होतो, "भाऊ, नाटकं पुरे." पण त्यांचा हात बघितला. पेन धरलेला हात खरंच थरथरत होता, आणि कपाळावर घाम. नाटक होतं की खरं, मला आजही सांगता येणार नाही.

"मॅडम," भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दुसऱ्या खातेदाराले सांगा..."

मॅडम वाट बघत होत्या. "काय सांगू काका?"

नामदेवचा फोन पुन्हा वाजला. त्यानं तो बंद करून खिशात टाकला. मधलं एका माणसाचं अंतर ओलांडून तो जवळ आला आणि मोठ्या भावाच्या हाताकडं बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "हात काहून कापून राह्यला?"

भाऊंनी पेन काउंटरवर ठेवलं आणि टोपीनंच तोंड पुसायला लागले. भर पोस्टात, लोकांसमोर, पांढऱ्या कडक कपड्यांतला तो माणूस हुंदके देत होता. नामदेवनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण थोपटावं की नाही ते त्याला समजेना. हात तसाच ठेवून तो मॅडमकडं वळला.

"राहू द्या मॅडम, पैशे नाही काढत. होतं तसंच ठेवा, आनखी पाच वर्स. दोघायची सही लागन, असंच."

"अन् ट्रॅक्टर?" हे मी विचारलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण माझं तोंड असंच आहे.

"पोराले सांगतो, मोठ्या बाबाची सही जुळत नाही. सरकारी काम हाय, आपन काय करू शकतो?"

मॅडमनं जुनं खातं बंद करायचा आणि नवं काढायचा असे दोन कोरे फॉर्म पुढं केले. मी भरून दिले. तुळशीरामभाऊंनी नाक ओढलं, टोपी घातली, पेन उचललं आणि दोन्ही फॉर्मवर झरझर सह्या केल्या. मॅडमनं कॉम्प्युटरकडं बघितलं. दोन्ही सह्या तंतोतंत जुळल्या.

नामदेवनं त्या सह्या नीट बघितल्या, मोठ्या भावाकडं एकदा बघितलं, आणि त्यांच्याच हातातून पेन घेऊन खाली आपली सही केली.